अडतीस वानरं आणि तीन गावं

आमच्या डोंगराला तीन गावं लागून होती. चाकणच्या अंगाला माझं सासर, पलीकडे मावळच्या अंगाला माझं माहेर, आणि डोंगर उतरत उतरत जिथे माळाला मिळतो तिथे तिसरं गाव. सासर-माहेराच्या मध्ये एक खिंड होती, पायी दोन तासांची. बैलगाडीने जायचं तर डोंगराला सगळा वळसा पडायचा आणि दिवस मोडायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा आई शेजारणींना सांगत होती, लांब कुठे दिलीय, खिंड चढली की लेकीचं गाव दिसतं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गाव दिसायचं, लेक तेवढी दिसायची नाही.

कारण लग्नातच भांडण झालं, आणि तेही टोपीवरून. माझ्या नवऱ्याच्या मामांना आहेरात फेटा द्यायचा होता. माझ्या चुलत्यांनी घाईगडबडीत त्यांच्या हातात टोपी ठेवली. मामा पंगतीवरून उठले, त्यांच्या मागे निम्मं वऱ्हाड उठलं, आणि माझे वडील व सासरे त्या दिवसापासून एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. पुढे दीड वर्ष मला माहेरी धाडलं नाही. माहेरून निरोप यायचा, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या कामाला लागायच्या. मी तेव्हाही रागीट होते आणि आता म्हातारी झाले तरी तो राग गेलेला नाही. एका टोपीपायी शहाणीसुरती माणसं इतकी हटून बसतात, याचा मला आजही संताप येतो. खूप वर्षांनी त्याच मामांना मी स्वतः फेटा नेऊन दिला. त्यांना तो बांधताही येत नव्हता.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला तेव्हा औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. आमच्या गावातली तरणी माणसं खडी-विटा उचलायला तिकडे जात, तिथेच खोपटं करून राहत आणि आठवड्याने घरी येत. आमचे हेही तिकडेच होते. घरी सासू, सासरे आणि मी. मामंजी, म्हणजे सासरे, गावातलं जुनं माणूस. बोलणं कमी, पण एकदा बोलले की त्यात बदल नाही. हरभरा घाट्यावर आला की शेताची राखण माझ्याकडे असायची. बांधावरच्या बाभळीला टेकून चार वाशांचा माळा केलेला होता. सकाळी भाकरी बांधून मी त्यावर जाऊन बसे, ती दिवस कलेपर्यंत.

राखण करायची ती वानरांपासून. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची, करड्या अंगाची आमच्याकडची वानरं. गोफण हातात असायची, पण धोंडा वानराला लागता कामा नये, हा गावचा रिवाज. मारुतीचं जनावर ते. धोंडा त्याच्या बाजूला मातीत पडला पाहिजे आणि वर तोंडाने हाकारे घातले पाहिजेत. हा रिवाज वानरांनाही पाठ होता, त्यामुळे ती माझ्या गोफणीला भीक घालत नसत. एखादी म्हातारी वानरीण तर धोंडा पडलेल्या जागी जाऊन तो उचलून बघायची आणि माझ्याकडे बघत घाटा सोलायची. मला हसू यायचं. आत्याबाईंनी विचारलं तर मी सांगत असे की आज पुष्कळ हाणली.

तीन-चार दिवस टोळी आमच्या शिवारात असायची, मग आठ-दहा दिवस गायब. गावातले म्हणत, वर कपारीत जाऊन बसली. कुणी म्हणे, वानरं एकादशी धरतात.

पहिल्याच हंगामात एका सकाळी मला टोळीत लांडी दिसली. शेपूट मुळापासून वीतभरच, टोकाला गाठ आल्यासारखं. मी माळ्यावर उभीच राहिले. ते शेपूट तुटताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी दहा वर्षांची असेन. आमच्या माहेरच्या गुऱ्हाळावर वानरं उसाची चिपाडं चघळायला येत. एक कोवळं पिल्लू चरकाशेजारी बसलं, बैल फिरले आणि त्याचं शेपूट चरकात ओढलं गेलं. वडिलांनी बैल आवरले तोवर तुटलं होतं. पिल्लू किंचाळत आंब्यावर गेलं. आईने त्या झाडाखाली आठवडाभर गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. ती जगली, वाढली, आणि आमच्या आळीत सगळे तिला लांडी म्हणू लागले. इथे सासरी तिला मारुतीची थोटी म्हणत. नाव निराळं असेल, वानरीण तीच होती.

मग माझ्या लक्षात आलं. आमच्याकडून गायब झाली की टोळी कपारीत बसत नव्हती. ती खिंड चढून माझ्या माहेरी जात होती, तिथून माळाकडच्या गावाला, आणि तिथून पुन्हा इकडे. तिन्ही गावांना वाटे, टोळी आपली. हे मला कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. सांगून करायचं काय होतं? उलट मला ते माझ्यापुरतंच ठेवावंसं वाटलं. टोळी आली की मी लांडीला शोधायची आणि मनात मोजायची, काल ही आमच्या आंब्यावर असेल, परवा आईने हिला हाकललं असेल. दीड वर्षात माझ्या माहेराहून माझ्याकडे आलेलं दुसरं कुणी नव्हतं. वानरांच्या तोंडाकडे बघून मला घरची आठवण यायची, हे लिहायला आज लाज वाटत नाही.

मी त्यांना बघत राहायची. नुकतं जन्मलेलं पिल्लू आईच्या अंगासारखं करडं नसतं, काळपट असतं. टोळीतल्या बाकीच्या वानरिणी ते मागून मागून घेतात, या मांडीवरून त्या मांडीवर. आईला तेवढाच जेवायला वेळ मिळतो. मोठा हुप्प्या एकच, तो उंच जागी बसून दात विचकतो आणि काम काही करत नाही. मला त्यात आमचं घरच दिसायचं. मामंजींसमोर मात्र हे बोलण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या वर्षी हरभऱ्याच्याच दिवसांत कुठल्याशा खात्याचा एक साहेब आला. शेतांच्या नुकसानीच्या तक्रारी वर गेल्या होत्या, म्हणून डोंगरावर वानरं किती, हे त्याला लिहून न्यायचं होतं. माणूस वाईट नव्हता. उन्हातान्हात तिन्ही गावं फिरला, प्रत्येक गावात पारावर बसून त्याने विचारलं. आमच्या गावाने मामंजींना पुढे केलं. टोळी खाली उतरली की मारुतीमागच्या कातळावर हरभऱ्याच्या घुगऱ्या ठेवायचं काम आमच्या घराकडे होतं आणि मामंजी दर वेळी वानरं मोजत. त्यांनी छातीठोक सांगितलं, अडतीस. पलीकडे माझ्या माहेरच्या गावाने कुणी चाळीस सांगितली, कुणी अडतीस. माळाकडच्या गावानेही तेवढीच सांगितली. साहेबाने तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले आणि बेरीज केली. तिन्ही गावं खरं बोलली होती. बेरीज मात्र साफ खोटी होती.

चाकणच्या बाजाराच्या दिवशी साहेबाने तिन्ही गावांच्या पंचांना बोलावलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. एवढ्याशा डोंगराला तीन टोळ्या जास्त होतात. त्यातली एक धरून नेऊ, दोन राहतील, शेतंही वाचतील आणि वानरंही. मारायची नाहीत, पिंजऱ्यात धरून लांबच्या रानात सोडायची. पुढे कुणी म्हणालं की ती औषधाच्या कामासाठी विलायतेला जातात. खरं काय ते मला आजवर कळलेलं नाही. कोणत्या गावाची टोळी न्यायची यावर बाकीचे गप्प बसले. माझे वडील तिथे होते, त्यामुळे मामंजींना गप्प बसवेना. ते म्हणाले, आमची न्या. मन मोठं करून दाखवायची ती संधी त्यांनी सोडली नाही. कागदावर अंगठा दिला आणि घरी येऊन जेवले नाहीत. पितळेच्या तांब्यात घुगऱ्यांचे हरभरे भिजत होते, तो तांब्या त्यांनी स्वतः उचलून आत ठेवला.

मी हे ऐकलं ते चुलीपुढे. दोन टोळ्या राहतील या भरवशावर त्यांनी जी एक दिली, तीच तेवढी डोंगरावर होती.

दुसऱ्या दिवशी धुणं धुताना मी आत्याबाईंना म्हणाले, टोळ्या तीन नाहीत, एकच आहे, मी माहेरी तीच बघितलीय. त्यांनी पिळा घालता घालता माझ्याकडे बघितलं. "म्हंजी आता वानरं मोजाया तुला म्हायेरी धाडू व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांनी मला बरोबर पकडलं होतं. खरं सांगायचं तर बोलताना माझ्या मनात तेच आलं होतं, की हे कुणी पडताळायचं म्हणालं तर मला न्यावंच लागेल. माझ्या खरेपणात माझा लोभ मिसळला होता. त्याची मला इतकी शरम वाटली की पुढचे बारा-तेरा दिवस मी तोंड उघडलं नाही. त्या गप्प बसण्याचं मला आयुष्यभर वाईट वाटत आलंय.

धरणारे चौघे आले, उत्तरेकडचे, अर्धं हिंदी बोलणारे. गरीब माणसं. आमच्याच ओसरीवर भाकरी भाजून खात. त्यांनी आमच्या शेताच्या कडेला पडत्या दाराचे सहा लाकडी पिंजरे मांडले आणि आत शेंगा, फुटाणे टाकले. पहिले आठ-नऊ दिवस त्यांनी दारं वर बांधूनच ठेवली. वानरं यायची, बिचकत आत शिरायची, खाऊन जायची. आयतं खाणं मिळाल्यावर टोळी कुठे हलेना. मला वाटायचं, जा ग बायांनो, खिंड चढा, तुमचे दिवस भरले इथले. एक दिवस तर मी गोफणीचा रिवाज मोडून एकीच्या पायाला धोंडा हाणला. ती दोन उड्या मारून परत आली.

दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी दोर ओढले. अकरा वानरं अडकली. लांडी त्यात होती. उरलेली पळाली, पण लांब गेली नाहीत. बाभळींवर, बांधावर, माझ्या माळ्यावरसुद्धा येऊन बसली आणि पिंजऱ्यांकडे बघत राहिली. हरभऱ्याला कुणी हात लावला नाही. उभं पीक समोर असून वानर खात नाही, हे मी तेवढंच एकदा बघितलं. त्यांना अशी बसलेली बघून धरणारे म्हणाले, चांगलं झालं, हीही येतील, मग एकदमच ट्रक बोलावू.

तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यातलं एक काळपट पिल्लू मेलं. आई ते सोडेना. मेलेलं पिल्लू छातीशी धरून ती बसून राहिली आणि पलीकडच्या पिंजऱ्यातली लांडी गजांतून हात काढून ते मागत होती, रोजच्यासारखं घ्यायला. मी ते बघितलं आणि माझी शरम, माझा लोभ, आत्याबाईंचा टोमणा, सगळं एका बाजूला पडलं. शेत तसंच टाकून मी घरी आले.

मामंजी अंगणात दोर वळत होते. मी दाराच्या आडून बोलायची, त्या दिवशी समोर गेले. डोक्यावरचा पदर तेवढा सावरला. सगळं सांगितलं, गुऱ्हाळ, चरक, लांडी, आईने ठेवलेला गुळाचा खडा. डोंगरावर टोळी एकच आहे, ही गेली की तिन्ही गावांना एक वानर दिसायचं नाही, आणि ते तुमच्या अंगठ्याने झालेलं असेल, इथपर्यंत बोलले. त्यांचा हात थांबला.

"म्हायेराला जायाचंय म्हनून सांगतीस का?" त्यांनी विचारलं.

"जायाचं तर हायच, मामंजी. पन हे खरं हाय. मला नगा धाडू. तुमी जाऊन बघा."

वळलेला दोर त्यांनी उकलला आणि परत वळायला घेतला. आत्याबाई दारात उभ्या होत्या, त्या आत वळल्या. मला वाटलं, संपलं सगळं. दीड वर्षं ज्या माणसाचं नाव घेतलं नाही त्याच्या दारात हे पाऊल ठेवतील, अशी आशा मला नव्हतीच.

उजाडल्यावर बघते तर मामंजींची काठी आणि घोंगडी खुंटीवर नव्हती.

तो दिवस मी माळ्यावर काढला. मेलेलं पिल्लू धरणाऱ्यांनी कसंबसं काढून घेतलं होतं. गावच्या बायकांनी ते हळदकुंकू लावून मारुतीमागे पुरलं. आमच्याकडे वानर मेलं की माणसासारखं करतात. दुपार कलली तेव्हा खिंडीच्या वाटेवर घोंगडी दिसली. मामंजी घरी न जाता सरळ शेतात आले. पायांवर धूळ, घसा सुकलेला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. पिंजऱ्यांपाशी जाऊन त्यांनी धरणाऱ्यांच्या मुकादमाला सांगितलं, दारं उघड.

मुकादम म्हणाला, साहेबाचा कागद आहे, तुमचाच अंगठा आहे त्यावर.

"अंगठा म्या आमच्या वानरांसाठी दिलाय," मामंजी म्हणाले. "ही आमची न्हाईत. माझ्या व्याह्यांची हायत. दुसऱ्याचं जनावर म्या कसं देऊ?"

मुकादम चक्रावला. मग तुमची कुठे आहेत, असं त्याने विचारलं. आमची नाहीतच, आमची कधीच नव्हती, असं मामंजी म्हणाले आणि पहिल्या पिंजऱ्याच्या दोराला त्यांनी स्वतः हात घातला. साहेबाला काय सांगू, असं मुकादम काकुळतीने विचारू लागला. मामंजींनी सांगितलं, गाव खोटं बोललं म्हणून सांग, माझं नाव घे. खोटं बोलणाऱ्याला दारात उभा न करणारा हा माणूस. मला त्यांच्याकडे बघवेना. मुकादमाने आपल्या माणसांना खूण केली आणि त्यांनीच उरलेली दारं उचलली.

साहेब पुढच्या आठवड्यात आला, रागावला, तिन्ही गावांना एकत्र बसवून खातरजमा केली आणि कागद रद्द करून गेला. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी मामंजी ओसरीवर बसले. आत्याबाईंनी विचारलं, जेवलात का कुठे? जेवलो, व्याह्यांकडे, पिठलं-भाकरी, असं ते म्हणाले. मी आत पीठ मळत होते. ते आत्याबाईंना सांगत होते, पण आवाज मला ऐकू येईल एवढा ठेवला होता. माझे वडील नुसतं ‘या’ म्हणाले आणि घोंगडी अंथरली. टोपीचा विषय दोघांनीही काढला नाही. मामंजींनी विचारलं, तुमची वानरं कुठं दिसत नाहीत? वडील म्हणाले, पंधरवडा झाला, आली नाहीत. मामंजींनी मनातल्या मनात दिवस मोजले. आमच्या शेतात पिंजरे मांडून जवळपास तेवढेच दिवस झाले होते. तरीसुद्धा खात्री पटायला अजून थोडं उरलं होतं, असं ते म्हणाले. तेवढ्यात माझी आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. व्याह्यांसमोर कधी एक शब्द न बोलणारी बाई. तिने तांब्या खाली ठेवला, रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही, आणि विचारलं:

"तुमच्याकडची वानरं पंधरा दिस झालं इकडं आली न्हाईत. माझी लेक बरी हाय न्हवं?"

मामंजी एवढं सांगून थांबले. मग म्हणाले, मी नुसती मान हलवली.

माझे दोन्ही हात पिठात होते. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. दीड वर्ष मला वाटत होतं, त्या टोळीकडे तसं बघणारी मी एकटीच आहे.